वखवखलेली

मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि आयुष्यभर एक शब्द टाळला. सातवीच्या स्वाध्यायात तो दर वर्षी समोर यायचाच. 'खालील विशेषणांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : हिरमुसलेला, वखवखलेला, आसुसलेला.' पहिला मी वर्गात घ्यायचे, तिसराही घ्यायचे, आणि मधल्यावर बोट आलं की म्हणायचे, हा घरून करून आणा. दुसऱ्या दिवशी पोरं गाईडातून उतरवून आणायची. वखवखलेला म्हणजे हावरट, अधाशी. वाक्य : पाहुणे वखवखल्यासारखे जेवले. मी मुकाट्यानं बरोबरची खूण करायचे. गाईड लिहिणाऱ्याला दंडाला धरून आठ दिवस चारा छावणीत उभं करावं, असं मात्र दर वर्षी वाटायचं.

वर्तमानपत्रवाल्यांची तर गोष्टच सोडा. सत्तेसाठी वखवखलेले पुढारी, तिकिटासाठी वखवखलेले कार्यकर्ते, वखवखलेल्या नजरा. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांच्यासाठीच हा शब्द राखून ठेवलाय की काय, असं वाटावं. मला तो माझ्या वडिलांनी शिकवला. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या तोंडी तो कधीच शिवी नव्हता.

मी दहावीला होते त्या वर्षीची गोष्ट. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. विहिरींचे तळ दिसायला लागले तसं गावच्या दूध संस्थेचं दूध आटत आटत बंद पडलं. रिकामे कॅन उपडे घालून ठेवले होते, त्यांवर पोरं बसायची. मग संस्थेच्याच लोकांनी समोरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. बल्ल्या रोवल्या, वर उसाचं पाचट टाकून सावली केली, ट्रकनं कडबा आणि उसाचं वाढं यायला लागलं. चारा वाटायला आबांना उभं केलं, कारण जनावराच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. शाळा सुटली की मी त्यांची भाकरी घेऊन तिकडंच जायचे.

डोंगरापलीकडून नवीन जनावर आलं की दावणीला बांधायच्या आधी आबा त्याच्या तोंडापुढं आपली रिकामी मूठ धरायचे. मूठ धरायची आणि थांबायचं. भुकेलं जनावर मूठ हुंगतं, आत काही नाही हे कळलं की तोंड फिरवून चाऱ्याच्या गंजीकडं बघतं आणि हंबरतं. उपाशी जनावर मान वर करत नाही. वखवखलेलं जनावर मूठच तोंडात घेतं. आबांची बोटं सोलून निघालेली असायची. असं जनावर दावं चघळतं, खुंटा कुरतडतं, शेजारच्या गायीची शेपटी खातं. चारा पुढं टाकला तरी त्याचं लक्ष चाऱ्याकडं नसतं, टाकणाऱ्याच्या हाताकडं असतं.

'वखवखलेल्याला भूक राहत न्हाई,' आबा मला म्हणायचे. 'भूक हाय म्हंजी पोट सांगतंय, आता आन, आता बास. ह्याचं पोट बोलायचं बंद झालेलं असतंय. निस्तं तोंड राहिलेलं असतंय.'

अशा जनावराला ते लांबच्या खुंट्याला आखूड बांधायचे. कडबा बारीक तोडून, पाण्यात भिजवून, मिठाचा हात लावून मूठमूठ द्यायचे. मूठ झाली की थांबायचे. दोन-तीन दिवस हेच. शेजारच्या गायी पेंढीच्या पेंढी रवंथ करतायत आणि आपली गाय एका मुठीवर, हे मालकांना बघवत नसे. एक जण तर अंगावर धावून आला होता. 'डोळ्यांदेखत उपाशी मारतूस व्हय बे माझ्या गायीला?' आबा मूठमूठच देत राहिले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आबा पाण्याच्या टाकीकडं गेलेले बघून त्याच्या बायकोनं गायीपुढं पाटीभर ज्वारीचा भरडा ओतला. दिवस मावळायच्या आत गायीची डावी कूस नगाऱ्यासारखी वर आली. आबांनी तिच्या जबड्यात आडवी काठी बांधली, तेल पाजलं, पोट चोळून चोळून त्यांचे हात भरून आले. गाय पाय झाडत गेली. ती बाई शिंगाला धरून रडत होती, 'पोटभर खाऊन गेली गं माझी बाय.' आबा तिथंच बसून राहिले.

घरी परतताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्याआधी कधी सांगितली नव्हती. त्यांची एक धाकटी बहीण होती. त्यांच्या लहानपणच्या एका दुष्काळात महिना-दीड महिना पाल्यावर काढल्यावर घरच्यांनी तिला एका नातेवाइकाच्या लग्नाला नेलं. पोरीनं पोट फुटेस्तोवर खाल्लं. सगळे कौतुकानं वाढत राहिले. दुसऱ्या दिवशी ती गेली. 'तवापासनं मला खानाऱ्याचं तोंड बगायची सवय लागली,' आबा म्हणाले.

आता वहिनीविषयी सांगायला हवं. आई मी पाचवीत असतानाच गेली, त्यामुळं घरात बाईमाणूस म्हणजे मी आणि वहिनी. त्यातली वहिनी दिवाळी झाली की थोरल्या भावाबरोबर बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायची, ती थेट उन्हाळ्यात परतायची. आमच्याकडं सासरा सुनेशी सरळ बोलत नसे. मधे कुणीतरी लागायचं. आई गेल्यापासून ते मधलं माणूस मी होते. 'तिला सांग, कालवनात मीठ कमी हाय,' आबा म्हणायचे. वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, तिला सगळं ऐकू गेलेलं असायचं, तरी मी तेच वाक्य तिच्याकडं तोंड करून पुन्हा म्हणायचे. मला त्यात फार मोठेपणा वाटायचा. वहिनी माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी होती, पण मला वन्सं आणि तुम्ही म्हणायची. मी तिला सरळ तू म्हणायचे.

त्या वर्षी ऊस नव्हताच. कारखान्याचा हंगाम माघातच संपला, पट्टा पडला म्हणजे गाळपच थांबलं. टोळीला बैलगाड्यांसकट गावाकडं आणणारा ट्रक येईना, म्हणून सगळे आठ दिवस रस्त्याच्या कडेला पडून राहिले. हे आम्हाला काही माहीत नव्हतं. एके दिवशी दुपारी भाऊ आणि वहिनी बैलगाडी हाकत थेट छावणीतच आले. भाऊ नुसता हाडांचा सापळा झाला होता. टाकीवर पाणी प्यायला आणि गाडीच्या सावलीत आडवा झाला, तो झोपलाच.

आबा आधी बैलांकडं गेले. एकापुढं मूठ धरली, मग दुसऱ्यापुढं. दोघांनी मूठ हुंगली आणि तोंड फिरवलं. 'भुकेले हायत,' आबा खुशीत म्हणाले. 'दुसरं काई न्हाई. बैल चांगले ठिवलेत पोरानं.'

पोरानं नव्हते ठेवले. शेवटचे आठ दिवस वहिनी आपल्या वाटणीच्या पिठाचे गोळे करून बैलांना चारत होती. भावानं मला हे सांगितलं, पण फार उशिरा.

मी आबांसाठी आणलेली टोपली सोडली. चार भाकरी होत्या, पिठलं होतं. आबा वाढ्याचा भारा आणायला ट्रककडं गेले होते. मी जर्मनच्या ताटलीत वहिनीला दोन भाकरी वाढल्या. ती बसली, आणि तिनं भाकरी मोडलीच नाही. अख्खी भाकरी दुमडून तोंडाशी धरली. चावत नव्हती, गिळत होती. डावा हात दुसऱ्या भाकरीवर घट्ट ठेवलेला. पिठलं मनगटावर ओघळलं तर तिनं मनगट चाटलं. डोळे ताटलीकडं नव्हतेच, टोपलीवरच्या माझ्या हाताकडं होते.

आसपास शेणाच्या पाट्या घेऊन चार-पाच बाया बसल्या होत्या. त्यांनी बघितलं. त्या बघतायत हे मी बघितलं. आणि मला, सोळा वर्षांच्या, दहावीत शिकणाऱ्या, चुरचुरीत बोलते म्हणून कौतुक होणाऱ्या मला, राहवलं नाही.

'अगं बया, वैनी! वखवखलेल्या म्हशीवानी का गं खातीस?'

बाया हसल्या. मीही हसले. चांगली जमली, असंच वाटलं.

आबा भारा घेऊन तेवढ्यात आले होते. शब्द ऐकून ते जागच्या जागी थांबले. खांद्यावरचा भारा त्यांनी खाली टाकला आणि वहिनीकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिच्याकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं. क्षणभर मला भीती वाटली, आता हे तिच्यापुढं मूठ धरतात की काय. तसं काही त्यांनी केलं नाही. ते वाकले, तिच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडून त्याखालची भाकरी काढून घेतली.

बायांचं हसणं थांबलं. सासऱ्यानं चारचौघांत सुनेच्या हातातली भाकरी काढून घेतली होती. वहिनी हलली नाही. तोंडातला घास गालात तसाच होता. तो गिळायचा की टाकायचा, हे तिला कळत नव्हतं.

आबांनी मला बाजूला घेतलं. 'ज्वारीच्या कन्या शिजीव. पातळ. वाटीभर दे, जरा येळानं पुन्ना वाटीभर. दोन दिस हेच. भाकरीला हात लावू देऊ नको. तिला सांग. आन् का ते बी सांग, नीट सांग.'

मी वहिनीकडं गेले आणि सांगितलं. 'आबा म्हणतेत, दोन दिस कन्याच खायच्या. भाकरीला हात लावायचा न्हाई.'

तिनं मान हलवली. मी पुढचं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचा विचार मी पुष्कळ केलाय आणि त्यातून काही मोठं निघत नाही. मला लाज वाटली, इतकंच. आबांनी माझा शब्द खरा मानला होता. मी तो गंमत म्हणून टाकला होता. 'तुझ्या जिवासाठी केलं गं, त्यांची बहीण अशीच गेली' असं वहिनीला सांगायचं, तर मी तुझी टिंगल करत होते, हेही त्यात कबूल करावं लागलं असतं. त्या बाया अजून तिथंच होत्या. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता कशाला उकरून काढायचं. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असं प्रश्नात असतं. मी वाक्यात उपयोग तेवढा केला होता आणि अर्थ स्वतःकडंच ठेवला होता.

दोन दिवस वहिनीनं कण्या प्याल्या. तिसऱ्या दिवशी मी तिला भाकरी वाढली. तिनं ताटली उचलली आणि कडब्याच्या गंजीमागं गेली. धुतलेली ताटली घेऊनच परत आली.

त्यानंतर मी वहिनीला जेवताना पाहिलं नाही. एखाद वर्ष नव्हे, तीसहून जास्त वर्षं. घरात कुणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण बाईनं सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, पाठ करून जेवायचं ही रीतच होती. रीत असली की असली गोष्ट सहज लपते. शेतात न्याहारीला बसलो की ती बांधापलीकडं जायची. लग्नांत ती कायम वाढणाऱ्यांत असायची. मी नोकरीला लागले, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आले, तर तिनं पेढा तळहातावर घेतला, 'लई चांगलं झालं, वन्सं' म्हणाली आणि पदराच्या टोकाला बांधला. मी म्हटलं, खा की. 'खाते की मागनं,' ती हसून म्हणाली. राग नाही, टोमणा नाही. माझी बाळंतपणं तिनंच केली. मला डिंकाचे लाडू समोर बसून खायला लावायची, उरलेला अर्धा लाडू मात्र झाकून ठेवायची. तिनं एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतं.

मागल्या वर्षी आबांना सगळं विसरायला झालं. आधी दिवस-वार गेले, मग माणसं गेली. मला ते ताई म्हणायला लागले. शेवटी जेवलेलंही विसरायला लागले. ताट उचललं की लगेच, 'भूक लागली.' घोंगडीची दशी चघळायचे, सदऱ्याची गुंडी तोडून तोंडात धरायचे. भाकरी दिली की अख्खी कोंबायचे आणि ठसका लागून डोळे पांढरे करायचे. भाऊ फोनवर हे सगळं सांगायचा आणि मधेच गप्प व्हायचा. कुठला शब्द तो टाळतोय, हे मला कळत होतं.

मी गेले ती भर दुपारी पोचले. आबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत आबा भिंतीला टेकून बसले होते, पुढ्यात ताट. त्यांच्यासमोर वहिनी, तिच्या पुढ्यातही ताट. तिनं भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागली. आबा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. त्यांनीही तेवढाच तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला, चावला. तिनं गिळला, मग त्यांनी गिळला. हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं. समोर कुणी सावकाश जेवत असलं की म्हाताऱ्याला ठसका लागत नाही.

वहिनी जेवत होती. माझा हात दारावर तसाच राहिला. मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी दार लोटून आत गेले.

तिनं मला बघितलं आणि तिचा जबडा थांबला. पदर तोंडावर आला. ती थांबली म्हणून आबाही थांबले. घास गालात ठेवून ते तिच्याकडं बघत राहिले, आता पुढं काय करायचं ते कळेना म्हणून. मी बाहेर आले. ओसरीवर बसले. बऱ्याच वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला.

संध्याकाळी ती ज्वारी निवडत बसली होती. मी सूप तिच्या हातातून काढून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. आबांची बहीण, लग्नातलं जेवण, त्यांनी मला सांगायला सांगितलेलं आणि मी न सांगितलेलं. एका दमात बोलले. रडलेही. तिनं मला रडू दिलं.

'मला म्हाईत हाय,' ती म्हणाली. 'तिसऱ्याच दिशी कळलं. मामंजी बैलाला सांगत व्हते.'

'बैलाला?'

'माझ्याशी कसं बोलतील? मी गंजीमागं बसलते. ते बैलाच्या पाठीवरनं हात फिरवीत बोलाय लागले. आमची बहीण अशी गेली, म्हनून भाकरी काढली रं राजा, राग धरू नको. मोठ्यानं बोलत व्हते, मला ऐकू यावं म्हनून.' तिनं सूप परत ओढून घेतलं. 'मामंजीचा राग मला कदीच न्हवता, वन्सं. त्यांनी जीव वाचीवला का न्हाई, ते द्येवाला म्हाईत. पन त्यांनी मला मानूस समजून भाकरी काढली.'

'मग इतकी वर्षं...' मी विचारलं.

ती थोडा वेळ ज्वारीतले खडे वेचत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'तुमी हसला व्हता.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला ओसरीवर ताट वाढलं. भाकरी, पिठलं, कांदा. मी म्हटलं, वैनी, तुझंही ताट घे, माझ्यापुढं बस. माझ्यासाठी बस एकदा. तिनं माझ्याकडं बघितलं. जवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. 'तुमी जेवून घ्या,' म्हणाली. 'गार होतंय.'

आतून आबांचा आवाज आला. 'भूक लागली.'

'आले, मामंजी,' ती म्हणाली. आताशा ती त्यांच्याशी सरळ बोलते, मधे कुणी लागत नाही. तिनं दोन ताटं वाढून घेतली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी माझ्या ताटापुढं बसून राहिले. दारामागून दोन माणसांच्या सावकाश जेवण्याचा आवाज येत होता.